आवाज बंद ठेवून पाहिलेली गाणी

ऑफिसातली पोरं मला ‘रॉकवाले सर’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या, वारज्याहून हिंजवडीला जाता-येता निम्मा जन्म सिग्नलला घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? शुक्रवारी संध्याकाळी कॅन्टीनमध्ये कोणी विषय काढायचा अवकाश, माझी टकळी सुरू. केबल नुकती आली होती, गाण्यांचं ते परदेशी चॅनेल दिवसरात्र चालायचं, लांब केसांचे, फाटक्या जीन्समधले बाप्ये गिटारी घेऊन वाळवंटात उभे राहायचे, आणि आम्ही मित्र नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीचा आवाज असा काही मोठा करायचो की खिडक्यांची तावदानं थरथरायची. खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. हे काका, ती काठी, ती तावदानं मी इतक्या वेळा सांगितली आहेत की हल्ली मला ती आठवायलाही लागली आहेत.

यातलं काहीही झालेलं नाही.

ती गाणी मी त्या काळात ऐकलीच नाहीत, फक्त पाहिली. बाबा भोसरीच्या एका कंपनीत होते आणि कायम थर्ड शिफ्ट करायचे. रात्री जेवून कंपनीच्या बसने जायचे, सकाळी यायचे, आंघोळ आणि नाश्ता उरकून आतल्या खोलीत झोपायचे ते थेट चहाच्या वेळेपर्यंत. थर्ड शिफ्टवाल्या माणसाच्या घरात दिवसा कसं राहतात हे ज्याने तसे दिवस काढलेत त्यालाच कळेल. दाराची बेल आम्ही काढून टाकली होती. बाहेर पाटी होती, ‘दिवसा कडी वाजवू नये. हाकही मारू नये.’ पुण्यातल्या पाट्यांवर लोक हसतात, खुशाल हसावं. आमच्या पाटीमागे एक माणूस खरोखर झोपलेला असायचा. कुकर, फोडणी, मिक्सर हे सगळं आई सकाळीच उरकायची. भांडी संध्याकाळी. दिवसभर आई आणि मी कुजबुजत बोलायचो, आणि ती सवय इतकी अंगवळणी पडली की रविवारी बाबा जागे असले तरी आम्ही आपले कुजबुजतच. मग बाबा वैतागायचे, की माझ्याविरुद्ध कसला कट शिजतोय.

टीव्ही बाहेरच्या खोलीत होता. दुपारी तो लावायला हरकत नव्हती, आवाज मात्र शून्य. आता आवाजाशिवाय बघणार काय? मालिका कळत नाहीत, बातम्या तर मुळीच नाहीत. गाणी निदान बघता येतात. एवढ्या साध्या कारणाने माझी आई, जिने उभ्या आयुष्यात इंग्रजीचं एक वाक्य धड उच्चारलं नाही, ती रोज दुपारी दिवाणावर मांडी घालून, पुढ्यात लसणाचं ताट घेऊन त्या केसाळ माणसांकडे बघत बसायची.

मी अकरावीत होतो. मराठी शाळेतून उठून सायन्सला गेलेलो, वर्गात काय चाललंय ते ओ की ठो कळायचं नाही. तास बुडवून बाराच्या सुमाराला घरी यायचो. आईने कधी विचारलं नाही, का आलास. सरकून जागा द्यायची आणि ताटातला थोडा लसूण माझ्याकडे ढकलायची. ताई, माझी मोठी बहीण, तेव्हा स्वारगेटजवळ एका दुकानात हिशेब लिहायच्या नोकरीला होती आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बाहेर असायची. त्यामुळे दुपार आमच्या दोघांची.

एक व्हिडिओ फार लागायचा. तापलेल्या दगडांचा माळ, वर पांढरं आभाळ, आणि मध्ये एक अनवाणी माणूस गुडघे टेकून, मान मागे टाकून जिवाच्या आकांताने ओरडतोय. मागे ड्रमवाला डोकं असं हलवतोय की मान मोडून हातात यावी. आईने कुजबुजत विचारलं, “काय म्हणतोय रे हा एवढं?” मला काय डोंबल कळणार? आवाज असता तरी कळलं नसतं. पण मी इंग्रजी कॉलेजातला मुलगा. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की त्याचं दूध उतू गेलंय. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे, आणि म्हणाली की तरीच. मग त्याचे ओठ जसे हलायचे तसे आम्ही शब्द बसवत गेलो. दोन-चार दिवसांत गाणं तयार झालं.

दूध गेलं उतू, रे देवा, दूध गेलं उतू,
गॅस कोणी बंद करा, मी एकटा काय करू!

हे काव्य म्हणून कसं आहे ते मला माहीत आहे, कोणी सांगायला नको. पण आई ते म्हणायची. कुजबुजत, पण ठेक्यात, ताटाच्या काठावर बोटं वाजवत, खांदे हलवत. तो माणूस पडद्यावर गुडघे टेकायला लागला की आमच्या दोघांच्या अंगात यायचं. ‘काय करू’ला आम्ही दोघं त्याच्यासारखी मान मागे टाकायचो. मग तिला हसू आवरायचं नाही, ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बिनआवाजाची हसायची. आत बाबांनी कूस बदलली की आम्ही दोघंही पुतळे. इतकं सुख मला त्यानंतर कुठल्या गाण्याने दिलेलं नाही.

पुढे नोकरी लागल्यावर मी ती सगळी गाणी कॅसेटवर आणून ऐकली, नंतर सीडीवर, आता फोनवर. पाठ केली, त्यांचा इतिहास वाचला, हॉलच्या भिंतीवर फ्रेम लावल्या, गिटारीच्या चित्राचे टी-शर्ट घेतले. ते दगडाच्या माळावरचं मूळ गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ते चुकीचंच वाटलं होतं. पण हे मी कोणाला बोललो नाही. कॅन्टीनमध्ये सांगताना आईच्या जागी मित्र बसवले आणि शून्य आवाजाच्या जागी पूर्ण आवाज. रॉकच्या गोष्टीत लसूण सोलणारी आई कशी चालेल? मी तिला काढून टाकली. त्याचं मला कधी काही वाटलंही नाही.

यंदा थंडी संपता संपता आईला पॅरालिसिसचा झटका आला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, ती माझ्याकडेच असते. उजवा हात आणि उजवा पाय गेला, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वाचा गेली हे आम्हाला हळूहळू कळलं. म्हणजे तिला समजायचं सगळं. पण तोंडातून एकच शब्द यायचा, ‘बघ’. पाणी हवं असेल तरी बघ, पाठ दुखत असेल तरी बघ, रागावली तरी बघ. आम्ही बघायचो आणि आम्हाला काही कळायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी ऑफिसला जरा लवकरच निघायचो.

हॉस्पिटलने एका स्पीच थेरपिस्टचं नाव दिलं. यवतमाळकडची, तिशीच्या आतबाहेरची मुलगी, घरी येऊन आईचा सराव घ्यायची. आल्या दिवशी तिने आम्हाला बसवून नीट समजावलं. बोलण्याची जागा मेंदूच्या ज्या बाजूला असते तिथे मार बसला आहे, पण गाण्याची बाजू वेगळी, ती बरेचदा शाबूत राहते. पाणी मागता न येणारी माणसं अख्खी आरती म्हणतात. तेव्हा गाणं धरायचं, डाव्या हाताने ठेका द्यायचा, आणि त्या गाण्याच्या चालीवरून हळूहळू ‘पाणी दे’, ‘पाय दुखतो’ इथपर्यंत यायचं. पण गाणं त्यांचं स्वतःचं पाहिजे. नुसतं ऐकलेलं नाही, तोंडाने म्हटलेलं, आनंदाने म्हटलेलं. आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात, तेव्हा उशीर करू नका, असंही ती म्हणाली.

मग तिने भिंतीवरच्या माझ्या फ्रेम पाहिल्या, माझा टी-शर्ट पाहिला, आणि हसून म्हणाली, “सर, घरात तर गाण्याचंच वातावरण आहे. आईंचं गाणं कोणतं?”

मला उत्तर माहीत होतं. त्या क्षणी माहीत होतं, शोधावंसुद्धा लागलं नाही. समोर ताई बसली होती, बायको चहा घेऊन उभी होती, आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी दारात होत्या. आणि मी, रॉकवाला सर, यांच्यासमोर काय सांगणार होतो? की आईचं गाणं ‘दूध गेलं उतू’? की बायकोने इतकी वर्षं माझ्या ज्या गोष्टी ऐकल्या त्या थापा आहेत, ती तावदानं कधी थरथरली नाहीत, आणि मी टीव्हीपुढे आईबरोबर लसूण सोलत बसायचो?

मी म्हणालो, “आईला भजनं आवडतात.”

आई माझ्याकडे बघत होती. “बघ,” ती म्हणाली. थेरपिस्टला वाटलं, ती हो म्हणतेय.

झालं. ताईने कंबर कसली. ताई अशी बाई आहे की तिला एक काम दिलं की ती यमालाही दारात उभं करून ठेवील. ती कात्रजला राहते. रोज स्वारगेटला बस बदलून दुपारी यायची, पिशवीतून छोटा स्पीकर काढायची, आणि एकामागून एक अभंग, भावगीतं, नाट्यपदं, भूपाळ्या. स्वतःही गायची. ताईचा गळा बेसूर आहे आणि तिला त्याचं सोयरसुतक नाही. आई ऐकायची. कधी डाव्या हाताने ठेका धरायची, कधी डोळे पुसायची. तोंड उघडायची नाही. मग ताईने आईच्या भजनी मंडळातल्या बायकांना घरी आणलं. त्या टाळ घेऊन आल्या, हॉल भरून गेला, त्यांनी भजनं खूप छान म्हटली. आई बिछान्यात बसून ऐकत राहिली. चहाच्या वेळी त्यांच्यातल्या एक जण हळूच म्हणाल्या, “त्या टाळ धरायच्या हो नेहमी. आवाज काही आम्ही कधी ऐकला नाही त्यांचा.”

थेरपिस्टने ते बरोबर पकडलं. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “त्या ऐकून राहिल्या, पण सोबत म्हणत नाहीत. मोठ्याने म्हणायची सवयच नव्हती का त्यांना?” मी म्हणालो की बघतो, आठवून सांगतो. आठवून! मला आठवायचं होतं ते आठवलेलंच होतं. नुसतं सांगायला जीभ रेटत नव्हती. रोज ठरवायचो, आज सांगू. संध्याकाळी घरी आलो की ताई स्वयंपाकघरात असायची, मावशी असायच्या, बायको असायची, आणि मी कपडे बदलून फोन घेऊन बसायचो. लाज वाटते हे लिहिताना. पण तेव्हा वाटत होती ती लाज आणखी वेगळी, फालतू होती. मी हसू होईन, एवढीच ती लाज होती.

एका रविवारी दुपारी ताई आली नव्हती. मी स्वतःची फसवणूक करायचं ठरवलं. शब्द न सांगता काम होतंय का बघू, म्हणून टीव्हीवर तो मूळ व्हिडिओ लावला. आजकाल सगळं मिळतं. तोच माळ, तोच अनवाणी माणूस. आवाज चांगला मोठा ठेवला, म्हटलं, आईने निदान आता तरी ऐकावं. गिटार कडाडली आणि आई दचकली. डावा हात कानावर गेला. तो चेहरा वेदनेचा होता. मावशी धावत आल्या, साहेब, काय लावलंय हे. मी घाईघाईने आवाज बंद केला.

मग आईने हात खाली घेतला. पडद्याकडे पाहिलं. तो माणूस गुडघे टेकायला लागला होता. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि तिने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे वळवली. वाट बघत होती. सगळं झालं होतं, चित्र आलं होतं, आवाज बंद झाला होता, आता फक्त मी म्हणायचं राहिलं होतं. “बघ,” ती म्हणाली. तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

मावशी तिथेच उभ्या होत्या, पदराला हात पुसत. स्वयंपाकघरातून बायको डोकावत होती. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, खरंच आले होते. मी म्हणालो, “आई, झोप आता थोडा वेळ.” आणि टीव्ही बंद केला.

ती नजर मी कोणाला दाखवू शकत नाही. तिने हट्ट केला नाही. भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरही कित्येक आठवडे गेले. मोलाचे म्हणून जे सांगितले होते त्यांतलेच. ताई तिचे अभंग बदलत राहिली, थेरपिस्ट ‘आ’ आणि ‘मा’ घोटून घेत राहिली, आणि मी शुक्रवारी कॅन्टीनमध्ये जात राहिलो. एकदा नव्या मुलीने मला त्या तावदानांची गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. काठीवाल्या काकांना लोक हसले.

मग एका शनिवारी ते झालं. मावशींची सुट्टी होती. ताई आईजवळ होती, मी माझ्या खोलीत. आई बघ, बघ म्हणायला लागली. ताईने पाणी आणलं. ते नको. उशी उंच केली, नको. पंखा, चादर, गोळी, चष्मा, एकेक वस्तू दाखवत ताई धावत होती आणि आईचा आवाज चढत होता, बघ, बघ, बघ. मी दारात येऊन उभा राहिलो. तेवढ्यात आई गप्प झाली. चादरीवर ओल पसरत गेली. तिला बाथरूमला जायचं होतं, दुसरं काही नव्हतं.

आईने डाव्या हाताने चेहरा झाकून घेतला. आयुष्यभर नीटनेटकी राहिलेली बाई, जिच्या निऱ्या कधी विस्कटल्या नाहीत, ती मुलाच्या समोर ओल्या अंथरुणात पडून एका हाताने चेहरा झाकत होती, आणि एका हाताने तो पुरता झाकलाही जात नव्हता. ताई म्हणाली, तू जा बाहेर, मी करते. मी बाहेर गेलो. गॅलरीत उभा राहिलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला लोक हसतील म्हणून मी तिला मागता येईल असा एक शब्दही दिला नव्हता. माझी लाज सांभाळताना मी तिची घालवली होती.

सोमवारी मी सुट्टी घेतली. थेरपिस्ट आली, ताई होतीच, मावशी होत्या. बायको ऑफिसला निघाली होती, तिलाही मी थांब म्हटलं. का ते माहीत नाही. बहुधा एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागावा म्हणून. मी थेरपिस्टला सांगितलं की आईचं एक गाणं आहे. तिने आईचा डावा हात हातात घेतला, उशीवर ठेका धरला आणि मला मानेने खूण केली. माझे कान तापले होते. मी सुरू केलं आणि धसक्याने आवाज नको तितका मोठा लागला.

आईने हात सोडवून घेतला आणि बोट ओठांवर ठेवलं.

आत कोणी झोपलेलं नव्हतं. ती खोली नव्हती, ते घर नव्हतं, बाबा नव्हते. पण तिला ते गाणं तसंच येत होतं. मी खाली वाकलो, तिच्या कानाशी गेलो आणि कुजबुजत म्हणालो, “दूध गेलं उतू, रे देवा...”

तिचे ओठ हलले. थेरपिस्टने ठेका सोडला नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ओळीच्या शेवटी ती माझ्याबरोबर आली, “...उतू.” श्वासासारखं, पण स्वच्छ. पुढच्या खेपेला मी ‘गॅस कोणी’ म्हणून थांबलो आणि ती एकटी म्हणाली, “बंद करा.” मग माझी वाट न बघता, “मी एकटा काय करू.” आणि तिने मान मागे टाकली, अर्धीच गेली, बाकीची उशीने अडवली. खांदा हलला. डावा एकच हलला, पण हलला. मावशी तोंडावर पदर धरून हसत होत्या, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. आईही हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, तशीच.

थेरपिस्ट म्हणाली, हेच पाहिजे होतं, आता याच चालीवर आपण ‘पाणी हवं’ बसवू. मग उत्साहात तिने विचारलं, “सर, हे कधी आठवलं तुम्हाला?”

खोटं बोलायला सगळी सोय होती. काल आठवलं म्हटलं असतं तर ताईने पाठ थोपटली असती. मी आईकडे पाहिलं. तिला सगळं समजत होतं, पहिल्या दिवसापासून. ती कोणाला सांगू शकत नव्हती इतकंच. मी म्हणालो, “पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच. लाज वाटली म्हणून बोललो नाही.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलून निघून गेली. थेरपिस्टने वहीत डोकं घातलं. ताई खुर्चीत बसून होती. मला वाटलं ती आता फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तर बरं झालं असतं. रोज दोन बसा बदलून आलेली बाई, गळा सुकेपर्यंत अभंग म्हटलेली, आईचं अंथरूण बदललेली. ती काही रागावली नाही. आईच्या हाताकडे बघत म्हणाली, “मला सांगायचंस. मी म्हटलं असतं.”

एवढंच. तिने म्हटलंच असतं. त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, सगळ्या सोसायटीसमोर म्हटलं असतं. निघताना तिने माझ्याकडून शब्द दोनदा म्हणवून घेतले आणि पिशवी उचलून बसला गेली.

दुसऱ्या दिवशीही मी सुट्टीवर, घरीच होतो. दुपारी लिफ्टचं दार वाजलं आणि तिथूनच तिचा आवाज सुरू झाला. बेसूर, खणखणीत, दूध गेलं उतू, रे देवा. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि दुपारी बाकीच्यांची दारं हवेसाठी उघडी असतात. समोरचे काका पेपर घेऊन उंबऱ्यात आले ते मी पीपहोलमधून पाहिलं. माझा हात कडीवर होता आणि तिथेच राहिला. ताई काकांना कसे आहात म्हणाली आणि पुढची ओळ आणखी वर चढवून म्हणायला लागली. मला खरंच वाटत होतं की तिने गप्प व्हावं. कालचं सगळं होऊनही वाटत होतं.

मागून हॉलमधल्या पलंगावरून आई बोलली. कुजबुजत नाही, चांगल्या मोठ्या आवाजात. ठेका त्या गाण्याचा होता, शब्द मात्र आम्ही कोणी शिकवलेले नव्हते.

“उघड ना. दार उघड. ती उभी आहे.”